बुरुजाखालची पट्टी

सासऱ्यांनी चिमटे, भिंग आणि बोटभर लांबीचे पेचकस एका कापडात गुंडाळले, वरून दोरी बांधली आणि जाहीर करून टाकलं, "रविवारी चौकातला घड्याळवाला येईल. त्याला देऊन टाका हे. मला आता जमायचं नाही."

सून चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. या माणसाने उभं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. दुकान बंद केल्यावरही खिडकीपाशी टेबल मांडून शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळं उघडत बसायचे, आणि आपल्या हाताबद्दल कुणी अवाक्षर काढलं तर आठवडाभर त्याच्याशी बोलायचे नाहीत.

"वय झालंय त्यांचं. साहजिक आहे," नवरा म्हणाला. नवऱ्याचं हे एक बरं होतं. कशालाही 'साहजिक आहे' म्हटलं की त्याचा विचार तिथेच संपायचा आणि जेवण व्यवस्थित जायचं.

तिला मात्र घास गिळवेना. डॉक्टरांनी डोळे तपासले होते, हात तपासले होते आणि काही दोष नाही म्हणून सांगितलं होतं. जेवणं झाल्यावर ती सासऱ्यांपाशी जाऊन बसली.

"बाबा, डॉक्टर म्हणतात हात ठणठणीत आहे."

"डॉक्टरला काय कळतंय? मला कळतंय ना."

"कशावरून पण?"

सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सांगावं की न सांगावं असं त्यांचं चाललं होतं. शेवटी पुटपुटले, "रणगाड्यावरून."

तो रणगाड्यांच्या लढाईचा खेळ सुनेच्याच कंपनीचा. सासू गेल्यावर बाबांचा वेळ जावा म्हणून तिनेच तो त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकून दिला होता. आधी त्यांनी नाक मुरडलं. मग असे चिकटले की जेवायला हाका माराव्या लागायच्या. कुठल्या गोळ्याने किती जाड चिलखत फोडायचं आणि किती लांबून फोडायचं, हे ठरवणं तिचं काम होतं. त्याबद्दल घरात ती चकार शब्द काढायची नाही. कंपनीचा तसा नियम होता. शिवाय बाबांना कळलं असतं, तर त्यांनी रोज संध्याकाळी तिचं डोकं खाल्लं असतं.

"ये, दाखवतो तुला," ते म्हणाले आणि त्यांनी खेळ लावला. "हा समोरचा दांडगा दिसतोय? याच्या तोफेच्या फिरत्या बुरुजाखाली एक बारीक पट्टी असते, तिथलं चिलखत पातळ. हा इतका लांब असला तरी मी नेम धरून तिथेच मारायचो आणि गडी गारद व्हायचा. आता बघ."

त्यांनी श्वास रोखला. बोट हललं. ठण्! गोळा आपटून आकाशात उडाला आणि समोरचा दांडगा काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघाला.

"बघितलंस? केसभर चुकतंय. नेमका लागला असता तर आत गेला असता. माणसाला भास होतील, पण गोळा कशाला खोटं बोलेल? आणि केसभर चुकणाऱ्या हातात मी लोकांची घड्याळं कशी घेऊ?"

पण सुनेने ठिणगी पाहिली होती. ती पट्टीच्या बरोब्बर मधोमध उडाली होती.

गेल्या महिन्यातली बैठक तिला आठवली. खऱ्या रणगाड्याचे खरे आकडे वापरले की बाबांचा हाच रणगाडा लांबून सगळ्यांना लोळवत होता आणि नवे खेळाडू वैतागून निघून जात होते. म्हणून तिने त्याच्या गोळ्याचा लांबवरचा जोर कमी केला. साहेब म्हणाले, जाहीर करू नका, उगाच बोंबाबोंब होते, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. तिनेही मान डोलावली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कंपनीचा नियम गेला खड्ड्यात, असं तिने मनातल्या मनात म्हणून टाकलं.

"बाबा, तो गोळा खोटंच बोलतोय. मीच शिकवलंय त्याला."

सासरे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने सगळं सांगितलं, भडाभडा, मधे न थांबता. "तुमचा नेम बरोब्बर लागलाय. लांबून तो गोळा आता आतच जात नाही. जवळून मारून बघा."

त्यांनी रणगाडा झाडीतून वळवला, एका पडक्या भिंतीच्या आडोशाने हळूहळू पुढे नेला आणि पुन्हा श्वास रोखला. यावेळी ठण् वाजलं नाही. दांडग्याच्या बुरुजातून धूर निघाला.

सासऱ्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला. "म्हणजे हात माझा..."

"तसाच आहे, बाबा."

तिचा जीव भांड्यात पडला. त्यांचाही पडला असावा, कारण पुढच्याच क्षणी ते कडाडले, "अगं पण असं गुपचूप करतात का कुणी? महिनाभर मी स्वतःला मोडीत काढून बसलोय! एक ओळ लिहून टाकायला काय झालं होतं?"

"चुकलं माझं. उद्या साहेबांना सांगणार आहे, यापुढे जे बदलू ते लिहून टाकायचं."

"आणि खरा गोळा लांबून असा मरगळतो का?"

"नाही मरगळत. पण खरं तेच ठेवलं तर तुम्ही एकटेच जिंकाल. मग खेळायला समोर येणार कोण?"

यावर सासरे नुसते फुरफुरले. मग उठले, कापडाची दोरी सोडली, टेबलावरचा दिवा लावला आणि हात पुढे केला.

"आण ते तुझं घड्याळ. कधीचं मागे पडतंय. तू आणून दिलंस तेव्हा वेळ नाही म्हणून थाप मारली होती मी."

तिने मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि मोहरीहून बारीक स्क्रू चिमट्यात धरून दिव्याखाली नेला. स्क्रू जरासुद्धा हलला नाही. सून बघत राहिली आणि तिला रडूच आलं. बरं वाटलं म्हणून येतं तसलं रडू.

"तो गोळ्याचा आकडा," ते मान वर न करता म्हणाले, "थोडासा तरी वाढव."

"नाही हं, बाबा."

"बरं, राहू दे." त्यांनी स्क्रू अलगद जागेवर बसवला. "जवळ जाऊन मारीन."