तिसरा ठोकळा

काँक्रीटचे ठोकळे फोडणं हे माझं काम. मशीनमध्ये ठोकळा ठेवायचा, दाब वाढवत न्यायचा, फुटला की आकडा लिहायचा. बांधकामावरची भली भली मंडळी तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत उभी असतात. मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. सख्ख्या दादाचीही नाही ठेवली.

दादा गवंडी. अर्ध्या सिमेंटऐवजी भट्टीची राख आणि वाळूऐवजी दगडाचा चुरा, हे खूळ त्याच्याच डोक्यातलं. त्या मिश्रणाचे सहा ठोकळे ओतून त्याने पाण्यात मुरत ठेवले. अठ्ठाविसाव्या दिवशी मी त्यातले तीन फोडले; आकडा पंचविसाच्या वर हवा होता, आला सतरा. "दादा, तुझी राख सपशेल नापास!" मी चारचौघांत सांगितलं. वर हसले. बांधकामाच्या साहेबांनी लगेच कागदावर काट मारली.

"राखेचं काँक्रीट सावकाश ताकद धरतं गं," दादा म्हणाला. "उरलेले तीन पाण्यातच असू देत. नव्वदाव्या दिवशी फोड."

"बरं बाबा, राहू देत," मी म्हटलं, ते केवळ कटकट मिटावी म्हणून. साठाव्या दिवशी तो कामावरच छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही.

नव्वदाव्या दिवशी वहिनी आली तोवर दोन फोडून झाले होते. एकतीस आणि तेहेतीस! तिसऱ्यावर दादाने ओलं असतानाच खिळ्याने तारीख कोरली होती. वहिनी त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"एवढा मला द्या ना, वन्सं," ती म्हणाली. "जन्मभर लोकांची घरं बांधली. त्यांच्या हातचं आमच्याकडे काहीच नाही."

"वहिनी, तीन फुटल्याशिवाय साहेब निकाल धरत नाहीत. दोनांवर दादा नापासच राहतो. पण तू म्हणशील तसं."

मग तो जड ठोकळा तिनेच उचलून माझ्यापुढे धरला. "फोडा. नापास म्हणूनच गेले हो ते. शेवटपर्यंत तेच घोकत होते."

मी दाब वाढवत गेले. पस्तिसाला ठोकळा कडाडला.

"दादा पास झाला गं, वहिनी," मी म्हटलं आणि मला रडूच कोसळलं.

वहिनीने पदराने डोळे पुसले. "मग आधी नापास कुणी केलं होतं त्यांना?"

"मी," मी म्हणाले.