टॅब दाबल्यावर आलेलं नाव

मी मुळातलाच आळशी. कुणाचं पूर्ण नाव टाइप करायचं म्हटलं तरी जिवावर येतं. म्हणून ऑफिसच्या सर्व्हरवर मी टॅबची कळ माझ्या सोयीने वळवून घेतली होती. काळ्या स्क्रीनवर निरोपाची कमांड लिहायची, टॅब दाबायचा, की माझ्याखेरीज आत्ता मशीनवर असलेल्यांपैकी ज्याने सगळ्यात शेवटी कळ दाबली, त्याचं नाव आपोआप भरलं जायचं. जागेवर नसलेल्या माणसाचं नाव येणं शक्यच नव्हतं. ताईने आधी नाक मुरडलं, म्हणाली आळसासाठी केवढे हे कष्ट. आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःही तेच वापरायला लागली.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण. त्याच ऑफिसात, पार्टिशनपलीकडे कोपऱ्यात बसायची. हे काम मला तिनेच शिकवलं. बाबांना कुणी सांभाळायचं यावरून आमचं वाजलं, आणि राग तर माझ्या नाकावरच. मी अबोला धरला. तेवढ्यावर भागेना म्हणून माझ्या स्क्रीनवर निरोप येणंच बंद करून टाकलं. पाचव्या दिवशी दुपारी ती खुर्चीत बसल्या जागी गेली. तिने मला बोलावलं होतं का? नाकारलेल्या निरोपांची नोंद सर्व्हर ठेवत नाही. महिनाभर हा एकच प्रश्न माझा जीव खातोय.

काल सकाळी साहेबांनी मेल पाठवून तिचं खातं बंद करायला सांगितलं. 'करतो' म्हणून त्यांना कळवायला मी कमांड लिहिली, टॅब दाबला. ताईचं नाव आलं.

माझ्याच स्क्रिप्टमध्ये घोळ असणार म्हणून स्वतःला शिव्या घातल्या. पुसून पुन्हा दाबला. तेच नाव. पार्टिशनवरून डोकावलो. तिचं मशीन कव्हर घालून, वायर काढून ठेवलेलं. तिच्या खात्यावर शेवटची कळ कधी दाबली गेली, ते सर्व्हरला विचारलं. चार सेकंदांपूर्वी. पुन्हा विचारलं. दोन.

भीती वाटली, आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा आशा जास्त वाटली. मी महिनाभर बंदच असलेले निरोप चालू केले.

एक ओळ उमटली.

"पाणी आण रे. कसंतरीच होतंय."

ग्लास भरला, सांडत सांडत धावलो, कव्हर घातलेल्या मशीनशेजारी ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. साहेब काचेतून बघत होते.

जागेवर परत आलो तेव्हा खाली दुसरी ओळ आलेली होती.

"राहू दे आता."