नागाई बाईंची पांढरी फीत

आमच्या ओकिनोसे बेटावर निरोप घेताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही आणि धक्क्यावरचं कुणी ‘जाऊ नका’ म्हणत नाही. निघालेल्या माणसाला ‘जाऊन या’ म्हणायचं, एवढाच रिवाज. बोटीला मागं ओढणारा शब्द तोंडातून काढू नये, समुद्र ऐकत असतो.

मार्चच्या अखेरीला शाळेतल्या मास्तरांच्या, बाईंच्या बदल्या होतात. काही वर्षं झाली की सरकार त्यांना इथून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतं. त्या दिवशी सगळं बेट धक्क्यावर लोटतं. निघालेलं माणूस बोटीच्या कठड्यावरून रंगीत कागदी फितींची भेंडोळी खाली फेकतं. फितीचं टोक त्याच्या हातात, भेंडोळं आपल्या हातात. बोट हलते, फीत उलगडत जाते, वाऱ्यावर धनुष्यासारखी वाकते, आणि संपली की तुटते. तोवर इकडचं माणूस आणि तिकडचं माणूस एकमेकांना धरून असतात. वाकामे, म्हणजे समुद्री शेवाळ, वाळत घालणाऱ्या आमच्या बायका गातात ना,

नाव गं निघाली,
धक्का राहिला मागं,
सुटल्या दोराची
तळहाताला जाग.

त्या फितींचा फोटो दर वर्षी आमच्या पेपरच्या पहिल्या पानावर येतो. ‘ओकिनोसे वार्ता’, आठवड्यातून तीनदा, पानं चार. बातम्या मी लिहिते, पानं मी लावते, आणि फोटो तोकुजी इसोबे काढतो. माझ्यासमोर केसात पांढरं आलं त्याच्या. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, सवड कुठं आहे, किनुताई?

आणि सवड नव्हतीच, हेही खरं. सकाळी मासळीबाजारात हंगामातला पहिला बुरी मासा आला की त्याचा फोटो. कुणाच्या मळ्यात माणसाच्या पायांसारखा मुळा निघाला, तो मुळा मांडीवर घेऊन बसलेल्या आजीचा फोटो. अग्निशमन दलाच्या कवायती, शाळेचे खेळ, शंभरी गाठलेल्या आजोबांचा केक, दर नवं बाळ. बेटावरच्या प्रत्येकाचं तोंड वर्षातून एकदा तरी पेपरात यायला हवं, हा आमचा अलिखित कायदा. नाही आलं तर लोक दारात. एकदा मुळेवाली आजी आली होती, मुळा छान आलाय पण माझं अर्धं तोंड त्याच्यामागं गेलंय म्हणून. तोकुजी दुसऱ्या दिवशी तिच्याकडं जाऊन नुसत्या तिचाच फोटो काढून आला. तो लोकांना हसा म्हणायचा नाही. ‘श्वास सोडा’ म्हणायचा. श्वास सोडताना माणूस आपल्या घरी आल्यासारखं दिसतं, असं त्याचं म्हणणं.

नागाई बाई आल्या त्या डोंगरातल्या गावाहून. शास्त्र शिकवायच्या. समुद्र त्यांनी आधी धड पाहिलेला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात वाऱ्यानं छत्री गेली, दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी छत्री वापरणंच सोडलं. हसायच्या मोठ्यानं, अगदी वर्गाबाहेर ऐकू येईल असं.

तोकुजीचं मला कसं कळलं? पानं लावताना कळलं. फोटो रकान्यात बसवायचा तर कडा कापाव्या लागतात. शाळेचे खेळ असोत, पुरात मोडलेला पूल असो, की बंदरावरची नव्या वर्षाची पूजा असो, फोटोच्या उजव्या नाहीतर डाव्या कडेला नागाई बाई असायच्याच. कधी हातात शिट्टी, कधी पाठमोऱ्या, कधी नुसता त्यांचा निळा मफलर. मी कापायला घेतलं की मागून आवाज यायचा, ‘किनुताई, उजवीकडं जरा जागा राहू द्या.’ मी म्हणायची, अरे, पूल तर दिसू दे. मग मीच पुलाचं एक टोक कापायची.

बेट लहान. जे मला कळलं ते सगळ्यांना कळलं होतं. बाईंनाही कळलं असणार. त्या पेपर वाचत होत्या. पण तोकुजी कधी काही बोलला नाही. शाळेतल्या कार्यक्रमाचे फोटो पाकिटात घालून त्यांना नेऊन द्यायचा, पाकीट दोन्ही हातांनी पुढं करायचा आणि वळायचा. बाई म्हणायच्या, चहा घ्या. तो म्हणायचा, काम आहे.

त्या वर्षी बदल्यांत बाईंचं नाव आलं. त्यांच्याच डोंगरातल्या गावाजवळची शाळा. निघण्याआधी त्या रिवाजाप्रमाणे घरोघर निरोप घेत फिरल्या आणि गोड घावनांची पेटी घेऊन आमच्या कचेरीतही आल्या. मला नमस्कार झाला, पेटी दिली. मग तोकुजीच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

‘फोटोवाले,’ त्या म्हणाल्या, ‘इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांच्या फितींचे फोटो काढलेत. या वेळी माझी एक फीत धराल का? कॅमेरा ठेवून.’

तोकुजी कॅमेऱ्याची काच पुसत होता. पुसलेलीच काच परत पुसत तो म्हणाला, ‘त्या दिवशी काम असतं, बाई.’

‘हो,’ बाई म्हणाल्या, ‘असतंच.’ आणि हसल्या, पण त्या दिवशीचं हसू दारापर्यंतसुद्धा गेलं नाही.

त्या गेल्यावर मी त्याला खूप बोलले. समुद्र आटेल पण तुझं काम आटायचं नाही, असंही म्हणाले. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला की कॅमेरा हातात नसला की माझ्या हातांचं काय करायचं ते मला कळत नाही.

निघायच्या दिवशी ऊन होतं आणि वारा बेताचा होता, फितींना हवं तसं. मुलांनी धक्क्यावर बाईंना घेरलं होतं. त्या वर गेल्या, कठड्याला टेकल्या, आणि एकेका नावानं हाक मारून भेंडोळी फेकू लागल्या. लाल, पिवळी, हिरवी. तोकुजी नेहमीच्या जागी, दोर बांधायच्या खुंटाशेजारी गुडघा टेकून. कॅमेरा डोळ्याला लावलेला. मी त्याच्या मागं. पोरांच्या हाती फिती गेल्या, मुख्याध्यापकांच्या हाती गेली, मासळीवाल्या बायकांनाही मिळाल्या. बाईंच्या काखेत एक पांढरं भेंडोळं उरलं. ते त्या फेकत नव्हत्या. इकडं बघतही नव्हत्या. नुसत्या ते धरून होत्या.

तोकुजीला ते कॅमेऱ्यातून माझ्याआधी दिसलं असेल.

बोटीचा भोंगा झाला. दोर सुटले. आणि तोकुजी उठला, गळ्यातून पट्टा काढून त्यानं कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. म्हणाला, ‘बटण हे. श्वास सोडा आणि दाबा.’ मी काही म्हणायच्या आत तो पोरांच्या गर्दीतून अगदी कडेला जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर करून, लहान मुलं उचलून घे म्हणतात तसा.

बाईंनी फेकलं. त्यानं झेललं. सगळा धक्का ‘ओ’ म्हणाला.

आता, फीत धरायची एक रीत असते. भेंडोळ्याच्या पोकळीत बोट सैल घालायचं, म्हणजे ते बोटावर फिरत राहतं आणि फीत सुटत जाते. आमची मुलं हे आईच्या कडेवर शिकतात. तोकुजीही शिकला असेल, पण ते फार मागं राहिलं. पुढं सारा जन्म त्याचे हात एकच शिकले होते: हलायचं नाही. कोपर बरगडीला, श्वास रोखलेला, बोटं घट्ट. तसंच त्यानं ते भेंडोळं धरलं. कॅमेरा धरावा तसं.

बोट हातभर सरकली असेल नसेल. पांढरी फीत ताठ झाली आणि तुटली.

पोरं हसली. मासळीवाली म्हणाली, अहो इसोबे, फीत आहे ती, गळाचा मासा नाही. बाकीच्या फिती उलगडत होत्या, त्यांची कमान निळ्यावर चढत होती, आणि त्याच्या हातात ते भेंडोळं जसंच्या तसं, गुबगुबीत. वर बाई तुटका तुकडा धरून उभ्या. पोरं ओरडत होती, जाऊन या, बाई, जाऊन या. त्यांना मान खाली घालून पोरांकडं बघावंच लागलं.

मी बटण दाबत होते. नंतर पाहिलं तर आभाळ होतं, कुणाची टोपी होती, आणि एकात तोकुजीची पाठ होती, पळणारी.

तो लाटबांधाकडं पळत होता. बंदरातून बाहेर पडताना बोट बांधाच्या टोकाला वळसा घालते, तिथल्या लाल दिव्याच्या इतक्या जवळून जाते की कठड्यावरच्या माणसाचं नाक ओळखू येतं. दर वर्षी फितींचा फोटो झाला की तोकुजी तिथं धावायचा, दूर जाणाऱ्या बोटीचा दुसरा फोटो घ्यायला. तो कधी छापला जायचा, कधी नाही. पण त्या वर्षी तो गेला तेव्हा त्याच्या हातात कॅमेरा नव्हता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते दिव्याखाली गळ टाकून बसलेल्या उनोसुके आजोबांनी आणि त्यांच्या मेव्हण्यानं पाहिलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटानं पाहिलं.

बोट वळली तेव्हा सगळे प्रवासी धक्क्याच्या बाजूला होते, फिती तुटेपर्यंत हात हलवत. या बाजूच्या कठड्याशी एकच माणूस होतं. नागाई बाई. शाळेत जाता-येता त्यांना हा दिवा दिसायचा आणि पेपरात बोटीचे फोटो होते. तो कुठं असणार हे त्यांना सांगावं लागलं नाही.

तोकुजीला धाप लागली होती. आजोबांना वाटलं, आता हा ‘जाऊन या’ म्हणेल. तो गुडघ्यावर हात टेकून उभा होता. मग त्यानं मान वर केली आणि म्हणाला,

‘जाऊ नका.’

उनोसुके आजोबांच्या हातून गळ सुटता सुटता राहिला. असं बोटीला म्हणत नाहीत.

बाई वाकल्या. त्यांचा मफलर कठड्याबाहेर लोंबला. ‘आत्ता सांगताय?’

‘हो.’

‘बोट निघाल्यावर?’

‘हो.’

त्या हसल्या की रडल्या यावर आजोबांचं आणि मेव्हण्याचं अजून पटत नाही. पण पुढचं दोघांनीही सारखंच सांगितलं. बोट दिव्यापासून सुटताना बाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडून म्हणाल्या, ‘मी आले होते एकदा. आता तुम्ही या.’

तो किती वेळ तिथं होता कोण जाणे. मी मागं धक्क्यावरच होते. फिती पाण्यात राहिल्या तर माशांच्या पोटात जातात, म्हणून बोट गेली की आम्ही बायका बांबूच्या आकड्यांनी त्या वर काढतो. ओला कागद हातात विरघळतो, रंग बोटांना लागतो. तोकुजी येऊन माझ्याजवळ उभा राहिला. कॅमेरा मागितला नाही. एक आकडा घेतला आणि फिती ओढू लागला.

आकडा झटकत म्हणाला, ‘किनुताई, डोंगरात जायचं तर बोटीनंतर काय लागतं?’

मी त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो विचारायचा थांबला असता. ‘गाडी. मग बस. बस थांबते तिथून पुढं पायी.’

‘बर्फ असेल अजून?’

‘असेल.’

त्यानं मान हलवली आणि आकडा पुन्हा पाण्यात घातला. पाणी तांबूस-हिरवं झालं होतं, बोटीची रेघ अजून त्याच्यावर दिसत होती, बांधाच्या टोकाकडं गेलेली. तो त्या रेघेकडं बघत होता. मीही.