वजनकाट्याला न कळलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. जमिनीवर ठेवायचं, वर उभं राहायचं आणि मान खाली घालून आकडा बघायचा, त्या जातीचा. माझ्या पाठीवरचं रबर एका कोपऱ्यात सुटलं आहे आणि तबकडीच्या काचेला बारीक तडा गेला आहे. वीस वर्षं मी एकच काम करत आलो. पण खरं सांगतो, त्या कामाचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. तुम्ही शिकलेली मुलं आहात. तुम्हाला लागला तर मला जरूर सांगा.

कारखान्यात माझ्या पोटात एक जाड स्प्रिंग बसवली गेली. तपासणीच्या टेबलावर एका बाईने माझ्यावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं, डोळे बारीक करून पाहिलं, एक स्क्रू थोडासा फिरवला आणि पुन्हा वजन ठेवलं. काटा वीसवर थांबला. ते लोखंड खूश झालं नाही की नाराज झालं नाही. मला वाटलं, जगात सगळं असंच असतं. वीस म्हणजे वीस.

मग मी एका घरात आलो आणि माझा गोंधळ सुरू झाला.

घरात नवरा, बायको, नवऱ्याची आई आणि एक तान्ही मुलगी होती. ही नवऱ्याची आई, म्हणजे सासूबाई, नातीला कडेवर घेऊन माझ्यावर उभ्या राहायच्या, मग तिला खाली ठेवून एकट्या उभ्या राहायच्या आणि बोटांवर वजाबाकी करायच्या. नातीचं वजन पावशेराने वाढलं तरी घरभर आनंद. म्हणजे आकडा वाढला की चांगलं, असं मी मनात पक्कं केलं. पण मुलीचा बाप माझ्यावर उभा राहिला आणि आकडा वाढलेला दिसला की तो म्हणायचा, काटा बिघडलाय. एकच काटा सकाळी शहाणा आणि संध्याकाळी बिघडलेला. पुढे मुलगी मोठी झाली, शिकायला वसतिगृहात गेली आणि मी सासूबाईंच्या खाटेखाली ढकलला गेलो. ती खोली न्हाणीघराला लागून होती. पुढचं सगळं मी त्या खोलीतूनच पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता उभ्या राहायला हरकत नाही. पण सासूबाईंचा धीर सुटला होता. पाय जमिनीला लागले की त्या डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. मग सूनबाईच त्यांना उचलू लागली. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. ओल्या चादरींचे गठ्ठे मशीनमधून काढून सुकवायच्या यंत्रात टाकायचे, हे तिचं रोजचं काम, त्यामुळे खांदे भक्कम. रोज सकाळी ती सासूबाईंच्या काखेत हात घालायची आणि एका दमात त्यांना खाटेवरून चाकाच्या खुर्चीत ठेवायची. सासूबाईंचे पाय जमिनीला टेकायचेही नाहीत. दोघींची तोंडं मात्र सारखी चालू असायची. भाजीची पिशवी तरी लोक जपून ठेवतात, असं सासूबाई म्हणायच्या. भाजी निदान बोलत नाही, असं सूनबाई म्हणायची.

मग सूनबाईचा गुडघा दुखू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, आठ किलो कमी करा, सहा-आठ महिन्यांत, घाई नको, आणि अंगातली ताकद टिकवा. घरी येईपर्यंत तिच्या लक्षात फक्त आठ किलो राहिले. तिने मला खाटेखालून ओढून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि माझ्यावर उभी राहिली. अठ्ठ्याहत्तर.

काय खायचं ते डॉक्टरांऐवजी शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या बाईने ठरवलं. सकाळी काही नाही, दुपारी काकडी, रात्री वाटीभर सूप आणि त्यावर अर्धा तास दोरीच्या उड्या. त्यातही सूनबाईने स्वतःचा एक नियम घातला. वजन झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, म्हणजे आकडा कमी येतो. आणि वजन कधी, तर सासूबाईंना उचलून, त्यांचं सगळं आवरून झाल्यावर. म्हणजे दिवसातलं सगळ्यात जड काम ती रोज रिकाम्या पोटी आणि कोरड्या घशाने करत होती. मला हे दिसत होतं, पण त्यात काही वावगं आहे हे मला कुठून कळणार? मला पोट असून पोटात नुसती स्प्रिंग.

पहिल्या आठवड्यात अडीच किलो गेले. धुलाईखान्यातल्या बायकांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. माझंही भाग्य फळफळलं. मला खाटेशेजारी बसायला नवं पायपुसणं मिळालं. आकडा खाली गेला की सूनबाई माझ्याकडे बघून हसायची. इतकी वर्षं वाढलं की चांगलं असं शिकलो होतो, ते विसरलो आणि कमी झालं की चांगलं हे नव्याने शिकलो. म्हाताऱ्या वयात शिकणं सोपं नसतं, तरी शिकलो.

सातव्या आठवड्यात एकोणसत्तर किलो झाले. त्याच आठवड्यात सासूबाईंना उचलायला तिला दोनदा जोर लावावा लागला. उचलून झाल्यावर ती खाटेच्या कडेला बसून राहिली. चादरींचे गठ्ठे आता ती अर्धे अर्धे करून नेते, हेही बोलण्यात आलं. अति तिथे माती, असं सासूबाई पुटपुटल्या. मग त्यांनी सुनेच्या तोंडाकडे बघून विचारलं,

"अगं, तू बारीक झालीस की मी जड झाले?"

सूनबाई हसली. मला मात्र तो प्रश्न फार लागला. सासूबाईंचं वजन मी दोन वर्षांत केलंच नव्हतं. मला काय सांगता येणार?

आठव्या आठवड्यातल्या एका सकाळी सूनबाईने त्यांच्या काखेत हात घातले, उचललं, आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती हळूहळू खाली बसत गेली आणि सासूबाई तिच्या मांडीवर आल्या. त्यांचा एक पाय माझ्यावर आपटला आणि माझा काटा पार पलीकडे जाऊन परत आला. तो आकडा कुणी पाहिला नाही. सासूबाईंना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सूनबाईचं मनगट मुरगळलं. दोघी कितीतरी वेळ तशाच जमिनीवर बसून होत्या, आणि त्या दिवशी भांडल्या नाहीत.

नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. तो दहा दिवसांची रजा टाकून आला. आईला त्याने उचललं, बायकोच्या मनगटाला पट्टी बांधली आणि मग हळू आवाजात म्हणाला की आता हे घरी झेपणार नाही. गावाबाहेर वृद्धांची देखभाल करणारं एक केंद्र आहे, तिथे सहा आठवड्यांनी एक खाट रिकामी होणार आहे. तो वाईट माणूस नव्हता. त्याला दोघींचीही भीती वाटत होती. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, पण त्या झोपलेल्या नव्हत्या. मी खाटेला लागूनच होतो, मला खाटेचं हलणं कळत होतं. त्या रडत होत्या.

मलाही रडू येत होतं. आकडा कमी झाला होता, सगळ्यांना हवा तेवढा, हवा त्याहून जास्तच. मग घर असं का झालं? चूक माझी होती का?

मनगट दाखवायला सूनबाई रुग्णालयात गेली, तिथे तिला फिजिओथेरपीवाली भेटली. ती घरीच आली. सासूबाईंनी पहिल्या भेटीतच तिचं नाव कवायतबाई ठेवलं. कवायतबाईने सूनबाईला एका खुर्चीवर बसवलं, हात छातीशी धरायला सांगितले आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा उठ-बस करायला लावली. सासूबाईंनी मोठ्याने मोजलं. नऊ. दहाव्याला सूनबाईला उठता आलं नाही आणि तिचा चेहरा पडला.

"नऊ किलो गेले ना?" कवायतबाई म्हणाली. "त्यात चरबी किती आणि मांस किती, ते या काट्याला कळत नाही. उपाशी राहिलात की शरीर दोन्ही खातं."

मित्रांनो, मी जागच्या जागी गार झालो. इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नव्हतं की वजनाच्या आतही काही असतं.

"वजन उतरवायचंय आणि तुम्ही मला खा म्हणता?" सूनबाईने विचारलं. तिचाही माझ्यासारखाच गोंधळ उडाला होता.

"थोडं कमी खा, पण उपाशी राहू नका. दर जेवणात अंडं, डाळ, दही, मासे, यातलं काहीतरी हवंच. आणि दोरी ठेवून द्या, गुडघा दुखतोय तुमचा."

पुढचे पंधरा दिवस तिने आईंना उचलायचं नाही, ते नवऱ्याने करायचं, आणि तो कामावर गेल्यावर समोरच्या घरातल्या बाईंनी मदतीला यायचं ठरलं. व्यायाम आठवड्यातून तीनच दिवस, मधला एक दिवस विश्रांतीचा. आधी अंग गरम करायचं, मग खुर्चीवरून सावकाश उठ-बस, आणि मनगट बरं झाल्यावर भिंतीला हात टेकून दंड काढायचे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायच्या. श्वास कोंडायचा नाही. चक्कर आली, कळ आली की तिथेच थांबायचं. आणि वजन आठवड्यातून एकदाच. हे ऐकून मला जरा अपमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पण जाता जाता कवायतबाईने मला उचललं आणि सासूबाईंच्या पायाखाली ठेवलं. म्हणाली, आजी, तुम्हाला उचलायचं कारणच काय? हाड तर जुळलंय. दोन वर्षं सुनेच्या ताकदीवर राहिलात, आता थोडी तुमची काढा. खाटेच्या कडेला बसून मोडलेल्या बाजूच्या पायाने काटा दाबा आणि आकडा सांगा.

सासूबाईंनी डोळे मिटले आणि दाबला. मी सांगितलं, तीन किलो.

त्यानंतरच्या दिवसांत माझी जी फरफट झाली ती विचारू नका. रविवारी सकाळी सूनबाई चढली की आकडा थोडाच हलायचा. तिसऱ्या आठवड्यात तर तो दीड किलोने वाढला. मी घाबरून गेलो, पण ती नुसतं "बरं" म्हणाली आणि उतरून बाटल्या उचलायला गेली. त्या दिवशी तिच्या उठ-बशा तेरा झाल्या. इकडे रोज दुपारी सासूबाईंचा पाय माझ्यावर यायचा आणि इथे आकडा वाढला की टाळ्या. पाच. आठ. चौदा. एक दिवस चारवर आला, तेव्हा सासूबाईंनी मला बिघडलेला म्हटलं. मुलगा कुणावर गेला ते मला त्या दिवशी कळलं. सासूबाईंची भूकही वाढली. सुनेच्या अंड्यातलं अर्धं त्या हक्काने मागायच्या, आणि ते अर्धं नीट अर्धं आहे की नाही यावरून पुन्हा भांडण सुरू झालं.

सहा आठवडे संपले आणि नवरा केंद्राचा फॉर्म घेऊन आला. त्याला यातलं फारसं माहीत नव्हतं. फोनवर सूनबाईने फक्त बरं चाललंय एवढंच सांगितलं होतं. खरं खोटं बघितल्याशिवाय तिला त्याला आशा लावायची नव्हती. तो खुर्चीत बसून एकेक रकाना भरत गेला. नाव, वय, आजार. मग मान वर करून म्हणाला, आईचं वजन किती?

कुणालाच माहीत नव्हतं.

"करूया की," सूनबाई म्हणाली.

तिने मला खाटेला लागून सपाट ठेवलं. पुढे धरून उभं राहायला चार पायांचा वॉकर ठेवला, सासूबाईंच्या कमरेला कवायतबाईने दिलेला रुंद पट्टा बांधला आणि तो मागून धरला. तिने नाश्ता केला होता, पाणी प्यायली होती. नवरा आकडा वाचायला गुडघ्यांवर बसला, त्याचं नाक माझ्या काचेला जवळजवळ लागलं.

"आई, पुढे वाका. नाक पायांच्या पुढे. आता."

माझा काटा दहावर गेला. तिसावर गेला. मग माझी स्प्रिंग खाली, आणखी खाली गेली आणि काटा थरथरत एक्कावन्नावर थांबला. नवऱ्याने मोठ्याने वाचलं, एक्कावन्न. पेन कागदाला टेकवलं. मग त्याची नजर माझ्यावरच्या दोन पायांवर गेली, तिथून वर, वर, आईच्या चेहऱ्यापर्यंत. सासूबाईंचे डोळे उघडे होते.

"आई, तू उभी आहेस."

"मग वजन काय झोपून करतात?"

त्याने आकडा लिहिला नाही. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गुडघ्यांवर बसल्या बसल्याच आईचे पाय धरले. सूनबाई मागून म्हणाली की आता बसवते त्यांना, पहिल्याच दिवशी जास्त नको. पट्टा न सोडता तिने खांद्याला डोळे पुसले.

मित्रांनो, एक्कावन्न या आकड्यात रडण्यासारखं काय होतं, हे मी अजून शोधतो आहे. सूनबाई आता सत्तरच्या आसपास असते, कधी थोडी वर, कधी थोडी खाली. गुडघा कमी दुखतो. चादरींचा अख्खा गठ्ठा ती पुन्हा एकटी नेते. यातलं माझ्या तबकडीवर काहीच दिसत नाही. तेव्हा माझी एक विनंती आहे. माझ्यावर जरूर उभे राहा, मी तुम्हाला आकडा सांगेन, माझं कामच ते. पण किती खायचं, किती दमायचं आणि कधी थांबायचं, हे मला विचारू नका, मला त्यातलं कळत नाही. आणि वर चढण्याआधी खुशाल दोन घास खाऊन या. आकडा थोडा जास्त येईल. येऊ द्या.