मोटारीनं खाल्लेली केळी

परतवाड्यात भगवंतरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गोष्ट अठ्ठावन्न सालची. चढ लागला की बाईसारखा गळा काढणारी त्यांची जुनी, थाटाची विलायती मोटार हुंकारबाबानं एका सकाळीत गप्प केली होती.

गाडीत भगवंतरावांची मयत बायको रडते आणि तिचा राग सुनेवर आहे, असं बाबाचं निदान. त्यानं मोटारीभोवती पडदा लावला, शिष्याला केळ्यांचा घड देऊन आत धाडलं आणि बाहेर मंत्रांचा धडाका उडवला. पडदा निघाला तेव्हा केळी सालासकट गायब. मग मोटार चिखलदऱ्याचा चढ चढून आली. हूं नाही की चूं नाही. बाया बॉनेटला हळदकुंकू लावू लागल्या.

"माय जेवली, शांत झाली," बाबा म्हणाला. "आता सुनेले माहेरी धाडा. नाई तं पुन्हा रडन."

सून रुख्मिणी. तिची पेटी मोटारीत चढलीसुद्धा होती. डोळे पुसत ती मोटारीच्या मागून वळली, तर नाकात केळ्याच्या शिऱ्याचा वास शिरला. तिनं वाकून पाहिलं. मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्याच्या झाकणातून काहीतरी चिकट पाझरत होतं आणि माश्यांची जत्रा भरली होती. तिचं रडं पळालं. सासूबाई तर जन्मात केळ्याला शिवल्या नव्हत्या.

गर्दीत हायस्कुलात विज्ञान शिकवणारे धर्मपाल मास्तर होते. तिनं त्यांना ते दाखवलं. मास्तरांनी पाना मागितला, तसा बाबा कडाडला, की झाकण उघडणारा रक्त ओकेल. भगवंतराव कचरले.

"मामाजी, जातो मी माहेरी," रुख्मिणी म्हणाली. "पण पयले आत पाहा."

सासऱ्यांनी वाकून ती गळती पाहिली. मग त्यांनीच पाना आणून दिला.

झाकण निघालं आणि काळ्या तेलात माखलेला केळ्यांचा लगदा सालादेठांसकट मास्तरांच्या धोतरावर भदकन पडला. आधी कोणीतरी खुदकलं, मग सारं अंगण हसून लोळू लागलं. हसू ओसरेपर्यंत बाबा आणि शिष्य अचलपूरच्या वाटेला लागले होते.

मास्तरांनी लगदा पुसून आतली चक्रं सगळ्यांना दाखवली. दात झिजलेले. चढावर जोर पडला की ते एकमेकांवर घासत आणि रडल्यासारखा आवाज येई. शिष्यानं पडद्याआड कोंबलेल्या लगद्यानं तो दाबला होता, दात तसेच होते. घाटात तुटले असते तर मोटार दरीत गेली असती.

भगवंतरावांनी सुनेची पेटी स्वतः उतरवली. त्यांना मान वर करवेना. "पोरी, माह्यं चुकलं," एवढंच ते म्हणाले.

मास्तर लोकांकडे वळले. "यंत्र कुरकुरलं तं उघडून पाहा. समजलं नाई तं जाणत्याले विचारा. पण कोन्या बाबाच्या सांगण्यावरून घरातलं माणूस बाहेर काढू नका."