चार इंच आखूड

“थांबा,” काका म्हणाले. “हे खोटं आहे.”

पाळकबाईंच्या हातातला कागद तसाच राहिला. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीला पन्नास वर्षं होत होती, त्याचं पुस्तक छापायला जायचं होतं. पहिल्या सात जणांपैकी हयात एकटे काकाच, म्हणून मजकूर वाचून दाखवायला बाई स्वतः त्यांच्या कारखान्यात आल्या होत्या. कारखाना कसला, एक लांबट शेड, पत्रा कापायच्या दोन कात्र्या, एक वाकवायचं यंत्र आणि काका. पण मोठ्यानं प्रार्थना करता, टाळ्या पिटता, प्रार्थनेच्या भरात भलत्याच भाषेत बोलता म्हणून जुन्या चर्चनं त्या सात जणांना बाहेरची वाट दाखवली, तेव्हा याच शेडमध्ये उलट्या डब्यांवर बसून त्यांनी पहिली उपासना केली होती. आज त्या सात जणांच्या एकशे साठ मंडळ्या झाल्या होत्या. तो आकडा सांगताना काकांची छाती फुगायची आणि ते ती लपवतही नसत.

कागदावर मात्र लिहिलं होतं की बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यात गुडघे वाकवायची आपली रीत संस्थापकांना दर्शनातून मिळाली.

“दर्शनबिर्शन काही नाही,” काका म्हणाले. “टाकी आखूड झाली होती. माझ्या हातून.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. माणूस अख्खा बुडवून बाप्तिस्मा द्यायचा तर टाकी हवी. काकांनी चार दिवस खपून पत्र्याची टाकी केली. मापाला माणूस हवा म्हणून स्वतःच जमिनीवर आडवे झाले आणि डोक्यापाशी नि पायापाशी खडूनं रेघा ओढून घेतल्या. पहिला मान त्यांच्या बायकोचा. ती त्यांच्याहून चार इंच उंच. त्यावरून लग्नात सगळ्यांनी थट्टा केलेली, आणि हा गडी नेमकं तेच विसरला. पाळकसाहेबांनी, म्हणजे बाईंच्या वडिलांनी, तिला मागे झुकवलं, तर डोकं पाण्याखाली जायच्या आधीच काठावर टेकलं. सगळे बघत होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे तिला म्हणाले, “आधी गुडघे वाकव, बाई. देवापुढे आधी गुडघेच.” ती वाकली, बुडाली आणि वर आली ती हसतच. पुढे अकरा वर्षं तीच टाकी टेम्पोतून गावोगाव फिरली आणि तिच्याबरोबर ती रीतही.

“तुमच्या वडिलांनी माझी लाज राखली,” काका म्हणाले, “म्हणून मी गप्प बसलो. पण त्यांनी दर्शनाचं नाव कधीच काढलं नाही. त्यांच्या नावावर खोटं चिकटवू नका.”

लोक हसतील, बाई म्हणाल्या, आणि कदाचित रीतच सोडून देतील.

“देऊ देत सोडून,” काका म्हणाले खरे, पण आत चर्र झालं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. कोणीही पाण्यात गुडघे वाकवले की त्यांना तीच दिसायची.

महोत्सवाच्या दिवशी नवं सभागृह माणसांनी फुलून गेलं होतं. टाकी फरशीची, चांगली आठ फूट लांब. काकांनी सांगितलं तसं नव्यानं लिहिलेलं ते पान बाईंनी स्वतः वाचलं, एक अक्षर न गाळता. चार इंचांपाशी अख्खी सभा हसली. काकांनी मान खाली घातली.

बाप्तिस्मा घेणारे एकतीस जण होते. पहिली उतरली काकांची नात, आजीचीच उंची घेतलेली. हात छातीवर धरून ती पाण्यात उभी राहिली. तिच्यामागे वाटेल तेवढी जागा होती आणि आज बाईंनी तिला काही सांगितलं नाही. नातीनं एकदा आजोबांकडे पाहिलं, गुडघे वाकवले आणि मग मागे झुकली.

तिच्यानंतरचे तीसही तसेच वाकले.

काका तोवर उठून उभे राहिले होते. त्यांचे स्वतःचे गुडघे हल्ली वाकत नसत, पण ताठ उभं राहता यायचं. ती पहिली उंच मुलगी कोणाची, असं शेजारच्या बाईनं विचारलं.

“माझी,” ते डोळे पुसत म्हणाले. “आजीच्या मापाची आहे.”