शकुबाईची साक्ष

भिगवणच्या बाजारात प्रयागबाई वांगी मांडून बसली होती. तिची जुनी जाऊ शकुबाई समोर येऊन उकिडवी बसली. सणसरचं घर सुटल्यापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. शकुबाईनं एकदोन वांगी उलटसुलट केली आणि मान वर न करता म्हणाली, "नकुशीचं लगीन ठरलंय."

प्रयागबाईच्या हातातला तराजू तसाच राहिला. "नऊ वर्साची बी न्हाय ती."

"डाळजच्या मोहनरावाला. त्येची बायकू गेल्या साली वारली. त्येची भन आमच्या धाकट्या दिराला, आन आपली नकुशी त्येला. साटंलोटं हाय." शकुबाईनं दोन वांगी पदरात घेतली, कुणी पाहिलंच तर गिऱ्हाईक वाटावं म्हणून. "मी घरात बोलले. माझं कोण ऐकतंय? तू आय हायेस. तू काय तरी कर."

एवढं बोलून ती गर्दीत मिसळली.

प्रयागबाईचं पहिलं लग्न सणसरला झालं होतं. कालव्याच्या पाण्यावर त्यांचा भाजीचा मळा होता. दोन मुलींवर तिसरी मुलगीच झाली, म्हणून तिचं नाव नकोशी ठेवलं. आधीच्या दोघी देवीच्या साथीत गेल्या आणि जगली ती हीच. नकोशी रांगायला लागली तेव्हा बाप तापानं गेला. पुढं प्रयागबाईच्या वडिलांनी तिचा पाट पळसदेवच्या सावळारामाशी लावून दिला. निघताना थोरले दीर सोपानराव दारात आडवे उभे राहिले. "तू कुठं बी जा. पोर आमच्या भावाची हाय, ती हितंच ऱ्हाईल." आणि नकोशी राहिली. शकुबाईला मूलबाळ नव्हतं. तिनं पोरीला पोटाशी धरलं.

बाजारातून परतल्यावर प्रयागबाईनं सावळारामाला सगळं सांगितलं. भीमेच्या वाळूत कलिंगडाचे वेल पसरले होते, कामाचे दिवस होते. तरी तो म्हणाला, "बारामतीला वकील हायती. जाऊ उद्या."

भिगवणपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं सर्व्हिस मोटारीनं दोघं बारामतीला पोचली. चिंतामणराव वकिलांचं बिऱ्हाड कोर्टाच्या जवळच होतं. त्यांनी दोघांना सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुम्हाला खोटी आशा लावणार नाही," ते म्हणाले. "मुलीचा ताबा मागायचा तर पुण्याला जिल्हा कोर्टात अर्ज करावा लागेल. त्याला महिने लागतील. शिवाय तुम्ही पाट लावलात. अशा वेळी पहिल्या नवऱ्याच्या माणसांना मुलीवर हक्क सांगता येतो, असा कायदाच आहे."

"मी तिला नऊ म्हैने पोटात वागवली," प्रयागबाई म्हणाली.

"ते मला कळतं. कायदा ते विचारत नाही." चिंतामणरावांनी कायद्याचं पुस्तक पुढं ओढलं. "पण लग्न थांबवणं ही वेगळी गोष्ट. चौदाच्या आत मुलीचं लग्न लावलं तर सारडा कायद्यानं तो गुन्हा आहे. आधी काय व्हायचं, लग्न झाल्यावर शिक्षा, आणि पोरगी नांदायला गेलेली. अलीकडे कायदा सुधारला. आता मॅजिस्ट्रेटना लग्नाआधीच मनाई हुकूम देता येतो. प्रांतसाहेबांना तो अधिकार आहे, आणि त्यांचा मुक्काम सध्या इंदापुरात आहे. तिथं अर्ज देऊ. मात्र लग्न ठरलंय हे सांगणारं कुणीतरी हवं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

प्रयागबाई पदराचं टोक पिळत बसली.

"तिनं साक्ष दिली तर काम सोपं होईल."

"तिला त्याच घरात ऱ्हायचंय, वकीलसायेब. मी तिचं नाव न्हाय घेणार."

चिंतामणरावांनी पुन्हा आग्रह केला नाही. अर्जात शकुबाईचं नाव आलं नाही.

सुनावणीच्या दिवशी इंदापूरच्या कचेरीपुढं कडक ऊन होतं. मुलीला हजर करा असं नोटिशीत होतं, म्हणून सोपानराव नकोशीला घेऊन आले होते आणि बरोबर शकुबाईही होती. प्रयागबाईनं लेकीला इतक्या वर्षांनी जवळून पाहिलं. पोर बापासारखी लांबट चेहऱ्याची झाली होती. तिनं प्रयागबाईकडं पाहिलं, पण ओळखलं नाही, आणि ती शकुबाईच्या लुगड्याआड सरकली.

प्रांतसाहेबांनी सोपानरावांना विचारलं. ते हात जोडून म्हणाले, "सायेब, नुसती बोलणी झाली. आमच्यात सोयरीक लवकर बोलत्यात. लगीन पोर न्हाती झाल्यावर करू. हिला आमच्या भावाची पोर पळवायची हाय, म्हनून हा सगळा कांगावा."

साहेबांनी वकिलांकडं पाहिलं. "लग्न लवकरच लागणार आहे, याला पुरावा काय?"

चिंतामणराव बोलले, पण सगळं ऐकीव होतं, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. साहेबांनी नकोशीला जवळ बोलावलं. "तुझं लग्न आहे का गं?"

"मला ठावं न्हाय," पोर पुटपुटली. "आयला ईचारा." आणि तिनं बोट शकुबाईकडं केलं.

प्रयागबाईनं डोळे मिटून घेतले.

शकुबाई उठून उभी राहिली. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही या गृहस्थांच्या पत्नी ना? तुमच्यावर सक्ती नाही."

"न्हाय, बोलते." तिचा आवाज इतका बारीक होता, की कारकुनानं मान पुढं काढली. "लगीन येत्या आठवड्यात हाय. मी माझ्या हातानं हळद दळलीया. मांडवाचं येळू परड्यात पडल्यात. सोपं हाय बगणं, मानूस धाडा."

"शके!" सोपानराव ओरडले. शिपायानं त्यांना खाली बसवलं.

शकुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. "ती झोपंत अजून माझा हात धरती, सायेब. तिला कसं धाडू?"

संध्याकाळच्या आत मनाई हुकूम निघाला. सोपानरावांनी त्यावर अंगठा उठवला.

बाहेर लिंबाखाली गाडी उभी होती. सोपानराव जू धरून शकुबाईला म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाचं घर मोडलंस तू." आवाजात रागापेक्षा थकवा जास्त होता.

प्रयागबाई पुढं झाली. "अक्का, आमच्याकडं चल. दोघी बी चला."

"नगं. मी चोरी न्हाय केली. माझ्या घरी जाते." तिनं पोरीला गाडीत चढवलं आणि मागनं स्वतः चढली. सोपानराव बराच वेळ तसेच उभे राहिले. मग बैल जुंपले. त्यांनी तिला उतरवलं नाही.

चिंतामणराव प्रयागबाईला म्हणाले, "आता पुण्याला अर्ज करायला हरकत नाही. आजच्या हुकुमानंतर सोपानरावांची बाजू लंगडी झाली. शकुबाईंना पुन्हा साक्षीला बोलवू. न्यायाधीश मुलीलाही विचारतील, कुणाकडं राहायचंय म्हणून."

प्रयागबाई कालव्याच्या बाजूला दूर जाणारी गाडी बघत होती. "ती काय म्हनंल, मला दिसलं आज," ती म्हणाली.

सावळारामानं वाटेत तिला समजावलं. पोर आपली आहे, घरात जागा आहे, मी कधी कमी पडू देणार नाही, असं तो म्हणाला. ती सगळं ऐकत होती आणि रडत होती. आठवडाभर तिनं विचार केला. मग पुन्हा बारामतीला जाऊन वकिलांना म्हणाली, "पुण्याला नगं. अक्काला आनखी एकदा नवऱ्याम्होरं उभी करायची न्हाय, आन पोरीला दोघींतली एक निवडाया लावायची न्हाय. तिला उन्हाळ्यात माझ्याकडं धाडावं, आन मला ईचारल्याबगार तिचं लगीन ठरवू न्हाय. एवढं करून द्या."

"मग ताबा सोडावा लागेल तुम्हाला. कायमचा."

"व्हय."

चिंतामणरावांनी सोपानरावांना बोलावून घेतलं. कोर्टाच्या खेपा नकोत म्हणून म्हणा, की घरात शकुबाईनं अबोला धरला होता म्हणून, ते कबूल झाले.

वैशाखात शकुबाई स्वतः नकोशीला पळसदेवला घेऊन आली. जेवली, पोरीच्या केसांना तेल लावलं आणि परत गेली. नकोशी दिवसभर रडली. भाकरी खाल्ली नाही, कुणाशी बोलली नाही. प्रयागबाईनं तिला हात लावला नाही, नुसती आसपास वावरत राहिली.

दुसऱ्या दिवशी नदीच्या वाळूत कलिंगडं उतरवायचं काम चाललं होतं. पोर बांधावर बसून बघत होती. मग हळूच जवळ आली.

"तू माझ्या बाला बघितलंयस?"

"व्हय तर."

"सणसरला कुणी सांगत न्हाय. कसा हुता?"

सावळाराम उठला आणि बैलांना पाणी दाखवायला नदीकडं गेला. प्रयागबाईनं हातातलं कलिंगड खाली ठेवलं आणि लेकीशेजारी वाळूत बसली.

"लई भराभर चालायचा," ती म्हणाली. "मला मागनं पळावं लागायचं. आन मळ्यात एकटा असला, म्हंजी मोठ्यानं गायचा. आवाज काय बरा न्हवता."

नकोशी हसली. प्रयागबाई पुढं सांगू लागली.